झाडाचं समजून

"याआधी कधी तपासणी केली होती का, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तसा गीताआत्यानं जरा ऐटीतच पिशवीत हात घातला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद तिनं बाहेर काढला, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला आणि टेबलावर सरकवला.

"केलीय की. आमच्या सुलूनंच केलीय. मपली भाची हाय ही. काचंवर बघून सांगती कुणाला काय झालंय ते."

सुलेखा शेजारच्या स्टुलावर बसली होती. कागद तिच्या बाजूनं उलटा होता, तरी तिला तो ओळखू आला. खाली दोन सह्या होत्या. एक विश्वजीत सरांची आणि दुसरी तिची. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की कर्करोगाच्या किंवा त्याआधीच्या बदलाच्या पेशी आढळल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी तारीख बघितली. सव्वादोन वर्षांपूर्वीची होती. मग त्यांनी तो कागद नव्या रिपोर्टशेजारी ठेवला. नव्या रिपोर्टमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, तिसऱ्या टप्प्यातला.

"अंगावरून जायला लागून आठ महिने झाले म्हणता. मग तेव्हाच का नाही आलात?"

"आता काय सांगू, बाई. पाळी जाऊन सात वर्सं झालेली, मला बी नवल वाटलं. पर तपासलेलं व्हतं ना. काय नाय म्हणून लिवून दिलेलं व्हतं. मंग म्हटलं, उष्णता असंल."

डॉक्टरीणबाईंनी एकदा सुलेखाकडे बघितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुलेखाला नंतर कितीदा तरी वाटलं.

सुलेखा बारा वर्षं शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये कामाला होती. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून अलगद खरवडून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून तिच्यापुढं यायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिनं ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. निरोगी पेशी पसरट असते, फिकट निळी नाहीतर गुलाबी. बाहेरून पातळ पटल, आत पेशीद्रव्य आणि मधोमध ठिपक्याएवढं केंद्रक. पेशी बिघडली की तिचं केंद्रक फुगतं, काळवंडतं, त्याची कडा वेडीवाकडी होते, आणि भोवतीच्या पेशीद्रव्याला जागा उरत नाही. असं काही दिसलं की शाईचा ठिपका करून पट्टी विश्वजीत सरांकडे द्यायची. नाही दिसलं तर तिनं सही करायची, आणि तिच्या सहीवर विसंबून सर सही करायचे.

तिला या कामापर्यंत आणलं ते आत्यानंच. बारावी झाल्यावर बन्सीनं, म्हणजे सुलेखाच्या वडलांनी, लग्नाचा विषय काढला होता. आत्याचं स्वतःचं लग्न दीड वर्षात मोडलेलं. ती भावाकडेच राहायची आणि फर्दापूरच्या एका हॉटेलात पोळ्या लाटायची. तिनं ते काम सोडलं, भाचीला घेऊन शहरात आली आणि मुलींच्या एका होस्टेलात स्वयंपाकाला लागली. सुलेखाचं शिक्षण होईपर्यंत दोघी शहराच्या छावणी भागातल्या एका खोलीत राहिल्या. नोकरी लागली त्या दिवशी आत्या परत फर्दापूरला गेली. जाताना म्हणाली, "आता तू हाईस, मला काय धाड भरतीय."

म्हणूनच लॅबनं खेड्यांत तपासणीची शिबिरं घ्यायचं ठरवलं, तेव्हा सुलेखानं पहिलं नाव फर्दापूरचं दिलं. दिवाळी नुकतीच झाली होती. ती दोन दिवस दारोदार फिरली. बायका लाजत होत्या, दारामागून हसत होत्या. शाळेच्या वर्गात पडदा लावून टेबल मांडलं, तरी कुणी पुढं येईना. शेवटी आत्या उठली. "मी जाती आधी," ती म्हणाली. "बघा मंग, जगती का मरती." त्यावर सगळ्या हसल्या आणि मग एकेक करून आल्या. संध्याकाळपर्यंत साठ-पासष्ट जणी झाल्या.

काचपट्टीवर पेशी पसरल्या की लगेच फवारा मारून त्या पक्क्या कराव्या लागतात. दुपारी फवारा संपला. आधीच्या फवारलेल्या आणि नंतरच्या बिनफवाऱ्याच्या, सगळ्याच पट्ट्या व्हरांड्यातल्या बाकावर उघड्या वाळत ठेवल्या. व्हरांड्याशेजारी बाभळ होती, पिवळ्या फुलांनी भरलेली, आणि वारा होता.

दोन दिवसांनी त्या पट्ट्या सुलेखापुढं आल्या, तेव्हा तिच्या जोडीची बाई रजेवर होती. दोघींचं काम एकटीवर होतं. पट्टीवर नजर टाकली की तिच्या कपाळाला आठी पडायची, कारण सगळीकडे बाभळीचे परागकण. बाभळीचा कण एकटा नसतो. सोळा कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला असतो, आणि लॅबच्या रंगात तो नारिंगी-तपकिरी दिसतो. शिवाय धुळीबरोबर पानांचे, सालींचे तुकडेही आले होते. पट्ट्यांचा क्रम बाकावरच मोडला होता; हाताला आल्या तशा पहिल्या वीस पट्ट्यांवर तिनं प्रत्येक गोळा नीट बघितला. नंतर नारिंगी काही दिसलं, की हे झाडाचं, असं मनात म्हणून ती पुढं सरकायला लागली.

दवाखान्यातून आत्याला घरी सोडून ती तडक लॅबमध्ये आली. जुन्या पट्ट्या पाच वर्षं जपून ठेवायची पद्धत होती. तिनं पत्र्याच्या कपाटातला खण ओढला, नंबर शोधला. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताना तिला अजून आशा होती, की पट्टीवर काहीच नसेल. खरवडताना ती जागाच हुकली असेल. तसं असतं तर दोष कुणाचाच नसता.

डाव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत, नारिंगी पेशींचा एक पुंजका होता. शेजारीच बाभळीचे दोन गोळे होते. तिनं भिंग बदललं, मोठं केलं.

झाडाच्या पेशीला पटलाबाहेर आणखी एक जाड भिंत असते. भिंग किंचित वरखाली केलं की ती भिंत दुहेरी रेघेसारखी चमकते. आतली पाण्याची मोठी पोकळी केंद्रकाला एका बाजूला ढकलते, आणि पुष्कळदा वाळलेल्या पेशीत केंद्रक उरतच नाही. हे तिनं स्वतः नव्या मुलींना शिकवलं होतं. या पुंजक्यात तिनं भिंग वर केलं, खाली केलं. भिंत नव्हती. कडा मऊ होत्या, एक पेशी शेपटासारखी लांब ओढली गेली होती, आणि प्रत्येकीच्या मधोमध कोळशासारखं काळं, वाकडंतिकडं, फुगलेलं केंद्रक होतं. शिकाऊ मुलीनंही ठिपका केला असता.

विश्वजीत सरांनी पट्टी बराच वेळ बघितली. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"हे झाडाचं नाही, सुलेखा."

"माहीत आहे, सर."

"तुझ्या आत्याची?"

तिनं मान डोलावली. सर उठून खिडकीशी गेले. माणूस वाईट नव्हता. तिच्या बाळंतपणात त्यांनी तिला सहा महिने घरी बसू दिलं होतं. "बारा वर्षांत किती काचा बघितल्यास तू," ते म्हणाले. "माणसाच्या डोळ्याकडून होतं. कुठल्याही लॅबमध्ये होतं."

"त्या दिवशीच्या बाकीच्या, सर?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "बघ. पण जेवणाच्या सुट्टीत बघ. आणि काही निघालं तर आधी मला सांगायचं. बाहेर कुठं नाही."

आठ दिवस सुलेखानं दुपारचा डबा खाल्ला नाही. फर्दापूरच्या सगळ्या पट्ट्या तिनं पुन्हा बघितल्या. एकीत तेच निघालं. पट्टीवर नाव होतं मनकर्णाबाई. तिलाही सुलेखानं त्या दिवशी निरोगी ठरवलं होतं. सरांनी तिला पत्र पाठवलं, की नेहमीची फेरतपासणी आहे, येऊन जावं. चुकीचा उल्लेख त्यात नव्हता. तीन आठवडे झाले तरी मनकर्णाबाई आली नाही.

तोवर आत्याचे शेक, म्हणजे किरणांचे उपचार, सुरू झाले होते. ती छावणीत सुलेखाच्या घरीच, तिच्या नवऱ्या-मुलीबरोबर राहत होती. रोज सकाळी सुलेखा तिला रिक्षानं सरकारी दवाखान्यात न्यायची. शेकाच्या खोलीबाहेर लांब बाक होता, त्यावर जालन्याच्या, वैजापूरच्या, सिल्लोडच्या बायका बसलेल्या असायच्या. आत्या सगळ्यांना सांगायची, "ही मपली भाची. लई बारीक नजर हाय तिची." बायका सुलेखाकडे कौतुकानं बघायच्या. एकीनं तर स्वतःचा रिपोर्ट तिच्या हातात दिला, म्हणाली, "बघ गं माय, तुला कळंल." सुलेखा तो कागद धरून उभी राहिली. तिला अक्षरं दिसेनात.

त्या दिवशी दुपारी तिनं सांगितलं. आत्या भिंतीला टेकून मेथी निवडत होती. शेकांनी तिचं अंग वाळलं होतं, पण बसून राहणं तिला जमत नसे.

"आत्या, शिबिरातली तुझी काच मी पुन्हा बघितली."

"बरं मंग?"

"त्यात होतं."

आत्याचा हात थांबला. "तवाच व्हतं?"

"होतं. सुरुवातीचं होतं. तेव्हा कळलं असतं तर..."

"दिसत नसंल गं. बारीक असंल."

आत्या तिला वाट काढून देत होती. होय म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. सुलेखा म्हणाली, "दिसत होतं, आत्या. मी झाडाचं समजले आणि पुढं गेले."

आत्यानं निवडलेली मेथी आणि काड्या बाजूला सारल्या. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "मला दाखव."

रविवारी लॅब बंद असे. सुलेखाकडे किल्ली होती. दोन माणसांना एकदम बघता येईल असा जोडीचा सूक्ष्मदर्शक शिकवण्यासाठी ठेवलेला होता. तिनं आत्याला उशी देऊन खुर्चीवर बसवलं.

"आधी चांगली कशी असती ती दाखव," आत्या म्हणाली.

सुलेखानं तिच्याच पट्टीवरची निरोगी पेशी मधोमध आणली. "ही तुझीच. हे बाहेरचं पातळ आहे ना, ते पटल. आतलं निळसर ते पेशीद्रव्य. आणि मधला ठिपका, ते केंद्रक. पेशीनं काय करायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं, ते सगळं तिथून ठरतं."

"आन झाडाची?"

सुलेखानं सोबतच्या जेवणाच्या डब्यातला कांदा कापला, आतल्या पाकळीचा पापुद्रा चिमटीनं सोलला आणि थेंबभर पाण्यात पसरून भिंगाखाली ठेवला. आत्या डोळा लावून बसली. "विटा रचल्यावानी दिसायल्यात," ती म्हणाली.

"प्रत्येक पेशीला भिंत असते, म्हणून तशा दिसतात. आपल्या पेशीला भिंत नसते."

मग तिनं पुन्हा आत्याची पट्टी ठेवली आणि बाभळीचा गोळा दाखवला. जाड, चमकती कड. त्यानंतर पट्टी केसभर सरकवली. आत्यानं एकदा बघितलं, डोळे पुसले, पुन्हा बघितलं.

"ह्येला भिंत नाय."

"नाही."

"मधलं काळं बी लई मोठं हाय."

"हो."

आत्यानं डोकं वर केलं. रडत नव्हती ती. "मला बी दिसायलंय की गं, सुलू," ती म्हणाली. "मला अंगठेबहाद्दरणीला दिसायलंय."

सुलेखानं तिचे पाय धरायला हात पुढं केले, तर आत्यानं पाय मागं ओढले. घरी आल्यावर तिनं आपली दोन लुगडी, औषधाची पिशवी आणि तांब्या असं गाठोडं बांधलं. राहिलेले शेक तिनं दवाखान्याच्या धर्मशाळेत राहून घेतले. बन्सी फर्दापूरहून येऊन तिच्यापाशी राहिला. सुलेखा रोज डबा घेऊन जायची. बन्सी तो घ्यायचा, धर्मशाळेतल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा आणि रिकामा डबा आणून द्यायचा. "ती खाईना," एवढंच तो म्हणायचा. मुलीच्या तोंडाकडे बघायचं टाळायचा.

शेक संपले, आत्या गावी गेली, आणि मनकर्णाबाईचा अजून पत्ता नव्हता. तेव्हा सुलेखानं सरांना विचारलं नाही. सकाळची जळगाव गाडी पकडून ती फर्दापूरला उतरली.

मनकर्णाबाई एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम करायची. पन्नाशीची, धडधाकट बाई. अंगणात दोरीवर कपडे घालता घालता तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज चढला.

"तवा तूच दारात येऊन नेलंस. तूच लिवून दिलंस, काय नाय. आता म्हणायलीस, हाय. उद्या परत म्हणशील नाय. तुझं कोणतं खरं मानू?"

"माझं मानू नका. शहरात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पण दाखवा. अजून वेळ आहे."

"मला काय बी व्हत नाय. दुखत नाय, खुपत नाय. जा तू."

शेजारच्या बायका गोळा झाल्या. कुणी म्हणालं, ह्या लोकांचं काय तरी असतं ह्यात. सुलेखा अंगणात उभी राहिली. परतीची गाडी होती तीनला. तिनं आणखी दोनदा सांगून बघितलं.

गलका ऐकून आत्या आली. दोन गल्ल्या चालायला तिला किती वेळ लागला असेल कोण जाणे. बन्सीनं दंड धरला होता. लुगडं अंगावर नुसतं अडकवल्यासारखं दिसत होतं. सुलेखाकडे न बघता ती मनकर्णाबाईच्या ओट्यावर टेकली आणि श्वास बसेपर्यंत थांबली.

"मनकर्णे, जा."

"अगं पर हिनंच तर..."

"हिनंच चुकवलं. मपलं बी हिनंच चुकवलं. मला बघ." आत्यानं आपला वाळलेला हात पुढं केला. "मी काचंत माझ्या डोळ्यानं बघितलंय. हिच्यावर इस्वास ठेवू नको. माझ्यावर ठेव. आन उद्याच्या गाडीनं जा."

मनकर्णाबाई त्या हाताकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती गेली. रोग अजून वरच्या थरातच होता, खाली उतरला नव्हता. महिन्याभरात ऑपरेशन झालं आणि ती वाचली. सुलेखाला हे बन्सीकडून कळलं. मनकर्णाबाईनं तिला निरोप धाडला नाही, आणि तिनं तो धाडावा असं सुलेखाला वाटलंही नाही.

गावात बोभाटा झाला तो लॅबपर्यंत पोचायचाच होता. विश्वजीत सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "मी सांगितलं होतं, आधी मला," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, थकलेले दिसत होते. सुलेखानं किल्ली टेबलावर ठेवली.

पावसाळ्याच्या शेवटी आत्याच्या लघवीची वाट बंद व्हायला लागली. गाठ आतल्या नळ्यांपर्यंत पोचली होती. पाय सुजले, अन्न जाईना. बन्सीला एकट्याला तिला उचलणं होईना, म्हणून मुलीला नवऱ्यापाशी ठेवून सुलेखा जाऊन राहिली. आत्यानं तिला हाकललं नाही आणि बोलावलंही नाही. सुलेखा तिला कुशीवर वळवायची, पुसायची, चमच्यानं पाणी घालायची. आत्या डोळे मिटून घ्यायची. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी कपडे बदलताना आत्या एकदम बोलली. आवाज खोल गेला होता.

"त्या दिसाच्या सगळ्या काचा परत बघितल्यास तू?"

"बघितल्या, आत्या. साठच्या वर होत्या. सगळ्या."

आत्यानं डोळे उघडले. "आन बाकीच्या दिसाच्या?"

सुलेखाच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. बारा वर्षं ती रोज पट्ट्या बघत होती. रजेचे दिवस, तापातले दिवस, मुलीच्या जन्मानंतरचे झोप नसलेले महिने. त्यातल्या प्रत्येक दिवशी तिनं सह्या केल्या होत्या. आता तिच्याकडे लॅबची किल्लीही नव्हती.

आत्यानं उत्तराची वाट बघितली नाही. दोन दिवसांनी दुपारी ती गेली. शेवटी तिचा हात सुलेखाच्या हातात होता, पण तो तिनं दिला होता की तिला सोडवून घेता आला नाही, हे सुलेखाला कधीच कळलं नाही.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावातल्या बायका आल्या. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मनकर्णाबाई येऊन मागं बसली आणि कुणाशी न बोलता गेली. सगळे पांगल्यावर सुलेखा ओट्यावर कागद घेऊन बसली. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला अर्ज होता. या या लॅबमध्ये गेल्या पाच वर्षांच्या गर्भाशयमुखाच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या आहेत, त्या दुसऱ्या तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्याव्यात. मी तिथं कामाला होते. दोन चुका मला सापडल्या, आणखी असू शकतात. त्याआधीच्या सात वर्षांच्या पट्ट्या आता नाहीत, पण त्या बायकांची नावं रजिस्टरमध्ये आहेत. त्यांना बोलावून नव्यानं तपासावं.

बन्सी शेजारी येऊन बसला. त्याला वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता.

"तुझं नाव बी लिवलंस?"

"लिहिलंय."

"पोलीस यील मंग."

"येऊ दे, बाबा."

बहिणीची रिकामी बाज उन्हात टाकायची होती, ती उचलायला तो उठला. एका बाजूनं त्याला पेलवेना, म्हणून सुलेखानं अर्ज दगडाखाली दाबला आणि दुसरी बाजू धरली.

अर्जाला उत्तर आलं ते चार महिन्यांनी. तपासणी सुरू झाली होती. पहिल्या खेपेला, निरोगी ठरवून सोडलेल्या तीन बायकांची नावं निघाली होती आणि त्यांतल्या दोघी हयात होत्या.